लागलंय, करपलं नाही

"भात लागलो रे तुझो!"

आई मागच्या अंगणात आली ती असं म्हणतच. वेंगुर्ल्याहून अमेरिकेत, लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूजला येऊन तिला जेमतेम पाच दिवस झाले होते. रात्री दोनला टक्क जागी आणि दुपारी चारला पेंगत, असं तिचं चाललं होतं. नाक मात्र ताळ्यावर होतं. मी करत होतो जंबलाया, म्हणजे मांस आणि भात एकाच भांड्यात शिजवलेला इथला पदार्थ, आणि त्यातला भात अजून भांड्यात पडलाही नव्हता. लागला होता तो कांदा, चार पौंड कांदा, आणि तो मी मुद्दाम लागू दिला होता.

आता हे आईला कसं सांगायचं? आमच्या घरात 'लागणं' म्हणजे स्वयंपाकातली सगळ्यात मोठी नामुष्की. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत आईची खीर बुडाला लागली होती, ते माझी आत्या अजून विसरलेली नाही. भात लागला की पातेलं झटकन उतरवून गार पाण्याच्या परातीत ठेवायचं, वरचा वरचा भात हलक्या हाताने काढून घ्यायचा, आणि जेवताना कोणी नाक फेंदारलंच तर 'लाकडं ओली होती, धूर बसला' म्हणून वेळ मारून न्यायची. बुडाची खरवड मात्र कधी टाकली जायची नाही. सगळे जेवून उठले की आई एकटी चुलीपाशी बसून, वर दही घालून ती खायची. मला लहानपणी वाईट वाटायचं. बिचारी, उरलंसुरलं खाते.

"लागलंय, करपलं नाही," मी म्हटलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू पोर परदेशात जाऊन शब्दांचे अर्थही विसरलं.

या दोन शब्दांमधलं अंतर मला ज्याने शिकवलं तो माणूस तेव्हा कुंपणापाशी घडीची खुर्ची टाकून बसला होता. आमच्यापासून दोन घरं सोडून राहतो. माझी मुलगी त्याला पॉपॉ म्हणते. लुइझियानात नातवंडं आजोबांना पॉपॉ म्हणतात आणि शेजारच्या आजोबांनाही म्हटलं तर चालतं. या बाबतीत इथलं वागणं आपल्यासारखंच आहे. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, पहिल्या नावाआधी 'मिस' लावतात, आपण 'काकू' लावतो तसं.

पॉपॉंशी ओळख झाली ती पुरात. ऑगस्ट 2016. त्या पावसाला धड नावही नव्हतं. इथे चक्रीवादळांना नावं असतात आणि लोक ती भांडकुदळ नातेवाइकांच्या नावांसारखी घेतात: कतरीना, गुस्ताव. हा नुसता रेंगाळलेला पाऊस होता. आला आणि हललाच नाही. आमच्याजवळच्या वॉटसन गावात काही दिवसांत 31 इंचांवर पडला. मी कोकणातला, पावसाला भिणारा नव्हे. पण कोकणात पाणी उतारावरून समुद्राकडे धावतं. इथली जमीन ताटासारखी सपाट आहे. पाणी येतं आणि पाहुण्यासारखं बसून राहतं. अमीट नदी डेनम स्प्रिंग्जला 46 फुटांवर गेली, 1983च्या विक्रमापेक्षा चार फुटांहून जास्त वर. आमच्या घरात अडीच फूट पाणी होतं.

पाणी ओसरल्यावरचं काम ज्याने केलंय त्यालाच कळेल. भिंतींचं शीटरॉक, म्हणजे जिप्समचे तक्ते, कमरेपर्यंत फोडून काढायचं, नाहीतर आत बुरशी धरते. गालिचे, गाद्या, सोफे, लग्नाचा अल्बम, सगळं ओढत रस्त्याच्या कडेला. फ्रिजला चिकटपट्टी गुंडाळून तोही बाहेर. उघडायचा नाही, आत काय झालंय ते माहीत असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी अशाच एका आडव्या पाडलेल्या फ्रिजवर बसलो होतो आणि कोणीतरी माझ्या हातात पांढरा फोमचा डबा दिला. आत तपकिरी भात, कडेला पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची उसळ, एक पाव. वीज नव्हती, दुकानं बंद होती, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर हा म्हातारा माणूस गुडघ्याएवढ्या काळ्या भांड्यात होडी वल्हवावी तसा भात फिरवत होता. त्याचंही घर आमच्याइतकंच भिजलं होतं. नंतर कळलं, ते भांडंही पाण्यात होतं. बिडाचं ते. घासलं, तेल लावलं, जाळावर तापवलं, की पूर्ववत. त्याच्या घरातली पुरातून धड परत आलेली ती बहुधा एकमेव वस्तू.

पहिल्या घासाला मला म्हापसा आठवलं. शाळेत असताना एका मित्राबरोबर शुक्रवारच्या बाजारात जायचो, तिथून त्याच्या घरी, आणि त्याची आई चोरीस घातलेला पुलाव करायची. गोव्याची ती डुकराच्या मांसाची, व्हिनेगर-मिरचीत मुरवलेली लालभडक सॉसेज आणि लुइझियानाची पेकनच्या लाकडावर धुरवलेली आंदुई यांची चव एकसारखी अजिबात नाही. एक आंबट-तिखट, दुसरी धुराची. तरी चरबी सोडणारं सॉसेज आणि ती चरबी पिऊन टंच झालेला भात, ही जोडी जीभ ओळखते. (आई, तू हे मोबाइलवर वाचशील. चाळीस वर्षं झाली, माफ कर.)

पुढे घर उभं राहिलं, आणि दर शनिवारी मी पॉपॉंच्या मागच्या अंगणात जाऊन उभा राहू लागलो. इथे घरातला स्वयंपाक कोणीही करो, अंगणातलं मोठं भांडं सहसा पुरुषांचं. आपल्याकडे जत्रेचं मटण कसं गावातले बाप्ये रांधतात आणि त्यावर वर्षभर वाद घालतात, तसंच. जंबलाया हा मुळात गर्दीचा पदार्थ आहे. चर्चला छप्पर घालायचंय, शाळेच्या बँडला प्रवासखर्च हवाय, कोणाचं ऑपरेशन आहे, की जंबलायाचे डबे विकायचे. लग्नात जंबलाया, दहाव्याबाराव्यासारख्या प्रसंगीही जंबलाया. आमच्यापासून अर्ध्या तासावर गॉन्झालेस नावाचं गाव आहे, स्वतःला जगाची जंबलाया राजधानी म्हणवतं. 1968पासून तिथे दरवर्षी उत्सव भरतो आणि लाकडाच्या जाळावर बिडाची भांडी चढवून जंबलायाची स्पर्धा होते.

नावाची एक गोष्ट इथले लोक हौसेने सांगतात: फ्रेंचमध्ये हॅमला 'जांबों' म्हणतात, एका आफ्रिकी भाषेत 'या' म्हणजे तांदूळ, झाला जंबलाया. ऐकायला छान आहे, आणि बहुतेक छान गोष्टींसारखीच खोटी. जाणकारांचा कल दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हांसाल भाषेकडे आहे. तिथे या शब्दाचा अर्थ सरमिसळ. म्हणजे आपली खिचडी, पदार्थ म्हणूनही आणि 'काय खिचडी करून ठेवलीय' मधलीही.

खोट्या गोष्टीत तांदळाचं श्रेय आफ्रिकेला दिलंय, तेवढं मात्र खरं आहे, आणि ते सांगायला फारसं छान नाही. 1719मध्ये पश्चिम आफ्रिकेतून गुलामांना घेऊन फ्रेंच जहाजं लुइझियानात आली. कप्तानांना सांगितलेलं होतं की बियाण्याच्या तांदळाची पिंपं आणा आणि भातशेती जाणणारी माणसं आणा. माणसं 'आणा'. मी भात लावणाऱ्या घरातला आहे. वाफ्यात पाणी किती ठेवायचं, कधी सोडायचं, हे ज्ञान पिढ्यानपिढ्या चिखलात वाकून येतं. ते ज्ञान हवं म्हणून माणसालाच उपटून जहाजात घातलं, हे वाचल्यापासून भांड्यात तांदूळ ओतताना मला ते आठवतं. सेनेगलचा जोलोफ भात आणि जंबलाया शेजारी ठेवून पाहिले तर नातं सांगावं लागत नाही. स्पेनचा पाएया हाही घराण्यातला. लुइझियानावर काही दशकं स्पेनचं राज्य होतंच. आणि केजन लोक, पॉपॉंचे पूर्वज, हे तर 1755पासून इंग्रजांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकलून दिलेले फ्रेंच. हाकललेली आणि ओढून आणलेली माणसं एका दलदलीत येऊन जे मिळालं ते एका भांड्यात शिजवत गेली.

मग अर्थातच भांडण. न्यू ऑर्लिन्सचा क्रिओल जंबलाया तांबडा, टोमॅटोचा. खेड्यापाड्यांतला केजन जंबलाया तपकिरी, टोमॅटोचं नावही नको. आपल्याकडे घाटावर शेंगदाणा आणि घाटाखाली नारळ, तशी ही सीमा आहे. मी घाटाखालचा आणि केजन पंथाचा. टोमॅटोने रंग आणणं म्हणजे मला लाली लावल्यासारखं वाटतं. तपकिरी रंग विकत मिळत नाही. तो बुडाला लागू देऊनच येतो.

माझा पहिला जंबलाया मंडळाच्या कोजागिरीला केला आणि तो आजही माझ्या नावावर आहे. तीन चुका. भीतीपोटी आच मंद ठेवली, त्यामुळे कांदा लागलाच नाही, नुसता घाम गाळत बसला. तांदूळ घेतला बासमती, पाहुण्यांना चांगलंचुंगलं द्यावं म्हणून. आणि दर पाच मिनिटांनी झाकण काढून ढवळलं. शेवटी फिकट, गिच्च गोळा झाला. लोकांनी लोणचं मागून घेतलं आणि चंद्राचं कौतुक केलं.

"तांदूळ कुठला?" पॉपॉंनी विचारलं. मी अभिमानाने सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपल्या कोठीतून पिवळसर तांदळाची पिशवी आणली. मी दाणा हातात घेतला, दाताखाली चावला आणि हसायलाच आलं. उकडा तांदूळ! धान सालासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडलेला. त्यातला स्टार्च आधीच शिजून घट्ट बसलेला असतो, म्हणून दाणा मोठ्या भांड्याचं वजन सोसतो आणि मोकळा राहतो. सकाळच्या पेजेचा, तापातल्या पथ्याचा, आमच्या पडवीत उकडून खळ्यात वाळत घातलेला, कोंबड्या हाकलत राखलेला तांदूळ. तो सोडून मी बासमतीच्या मागे लागलो होतो. इथे 'महात्मा' नावाचाही तांदूळ मिळतो, तेव्हा पिशवीवर फेटेवाला गृहस्थ होता. घरातले सगळे मला तोच घे म्हणत होते. पॉपॉ त्यावरही चांगला जंबलाया करतात, पण चुका करणाऱ्या माणसाने उकडाच घ्यावा, असं त्यांचं मत आहे.

तर आई आली त्या शनिवारचा बेत असा: अठ्ठावीस माणसं. चार पौंड तांदूळ, चार पौंड कांदा, आठ पौंड मांस, एक गॅलन रस्सा. पॉपॉंचा हिशोब सोपा आहे, पौंडाला पौंड कांदा, दुप्पट मांस, एक क्वार्ट म्हणजे पाव गॅलन पाणी. आईला डुकराचं चालत नाही, म्हणून आंदुई नाही, सगळी कोंबडीच, मांडीचे तुकडे. मला वाटलं पॉपॉ तोंड वाकडं करतील. ते म्हणाले, गॉन्झालेसच्या स्पर्धेत कोंबडीच असते, तुझ्या आईला कळतं.

मंडळातल्या दोन घरांसाठी वेगळं छोटं भांडं होतं: राजमा आणि अळंबी, वेगळं उलथनं, वेगळा बर्नर. पॉपॉंनी ते पाहिलं. इथे लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, तेव्हा कोळंबीचा जंबलाया होतो. त्यांनी विचारलं, "यांचा लेंट चालू आहे का?" मी म्हटलं, "बारा महिने." त्यांनी त्या दोन घरांतल्या माणसांकडे फार आदराने पाहिलं.

तेल तापलं की आधी चमचाभर साखर. ती तांबूस होऊन फेसाळली की कोंबडी. एकदम सगळी नाही, तीन घाण्यांत; गर्दी केली तर पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. तुकडे टाकले की हात मागे. हलवायची खाज फार येते. तळाला तपकिरी थर धरतो, तुकडा आपोआप सुटतो, तेव्हाच उलटायचा. मांस काढून घेतलं की त्याच थरावर कांदा. इथून पुढे पाऊण तास मी कोणाशी बोलत नाही.

कांद्याचं पाणी सुटतं आणि तळाचा थर विरघळून कांद्यावर चढतो. लाकडी उलथन्याने खरवडून घ्यायचं. पाणी आटतं, कांदा पुन्हा धरतो. आवाज बदलतो: आधी ओला चरचराट, मग कोरडा, बारीक, तडतडीकडे झुकणारा. वास गोडावरून भाजक्यावर येतो. इथे थांबायचं. अजून. अजून थोडं. मग ओंजळभर रस्सा शिंपडायचा, चर्र करून वाफ उठते, खरवडायचं, आणि पुन्हा लागू द्यायचं. चारदा, पाचदा. दर वेळी रंग एक पायरी खाली उतरतो, मधाचा, गुळाचा, काकवीचा. काकवीपुढे काळं असतं आणि काळं म्हणजे कडू, तिथून परत येता येत नाही. सगळा जंबलाया त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात आहे. पहिल्या वर्षी मी प्रत्येक वेळी घाबरून आधीच पाणी ओतायचो आणि पॉपॉ खुर्चीतून म्हणायचे, "नॉट येट, शा." 'शा' म्हणजे फ्रेंच 'शेर', बाळा म्हणतात तसं. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो.

आई 'लागलो रे' म्हणत आली ती नेमकी गुळाच्या पायरीवर. पुढे झाली, भांड्यात डोकावली, माझ्या हातातलं उलथनं जवळजवळ घेतलंच. मी म्हटलं, थांब. ती थांबली. नाकाने दोनदा वास घेतला. आणखी थोडा वेळ गेला. मग म्हणाली, "आता घाल पाणी." मी कुंपणाकडे पाहिलं. पॉपॉंना मालवणी कळत नाही, पण त्यांनी त्याच क्षणी मान हलवली होती.

मग ढोबळी मिरची आणि सेलरी. कांद्यासह या तिघींना इथे पवित्र त्रिमूर्ती म्हणतात आणि लसणाला पोप. कोंबडी परत, रस्सा, मीठ, मिरी, लाल तिखट. रस्सा चाखताना खारट लागला पाहिजे, भुवई उडेल इतका, कारण तांदूळ ते मीठ पिणार आहे. उकळी, तांदूळ, एकदा तळापासून ढवळणं. दाणे फुगून रश्श्याच्या वर डोकं काढू लागले की आच अगदी बारीक आणि बिडाचं झाकण. पंचवीस मिनिटं हात लावायचा नाही. घड्याळ लावून मी भांड्याकडे पाठ करून उभा राहतो, कारण मी स्वतःला ओळखतो. आई मात्र खुर्ची ओढून भांड्यासमोर बसली. पॉपॉंनी आपली खुर्ची उचलून तिच्या शेजारी आणली. दोघंही झाकणाकडे बघत होते. तिने त्यांना मराठीत विचारलं की हा तांदूळ उकडा ना, आणि त्यांनी इंग्रजीत सांगितलं की त्यांच्या वडिलांची क्रॉलीजवळ भातशेती होती, भात काढला की त्याच खाचरात पाणी सोडून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली शेवंडासारखी छोटी जात, धरायचे. मी भाषांतर करायला पुढे झालो, पण आईने चढणीच्या माशांचं सुरूही केलं होतं.

झाकण काढलं. भात ढवळायचा नाही, बाजूने उलथनं घालून खालचा वर आणि वरचा खाली करायचा. पुन्हा झाकण, दहा मिनिटं. मग वाढणं. काकवीपेक्षा एक छटा उजळ, मोकळा, दाणा दाणा वेगळा. मंडळातल्या एका वहिनींनी ठेचा आणला होता. पॉपॉंनी तो टबॅस्को सॉस समजून घेतला आणि त्यानंतर बराच वेळ ते आकाशाकडे पाहत होते. मुलं हिरवळीवर, मोठे मिळेल तिथे. कोजागिरीच्या जंबलायाची आठवण तिघांनी काढली. काढू दे.

सगळे जेवून हात धूत असताना मी भांडं उतरवायला गेलो तर आई तिथे आधीच वाकलेली. समोरून पॉपॉ, हातात मोठा चमचा. तळाला बोटाच्या पेराएवढा, भाजून कुरकुरीत झालेला, चमकणारा थर होता.

"माका ठेव ती खरवड," आई म्हणाली. मला, पण नजर पॉपॉंवर.

"काय म्हणते ती याला?" त्यांनी विचारलं.

"खरवड."

"ग्रातँ," ते म्हणाले. फ्रेंचमध्ये ग्राते म्हणजे खरवडणं, त्यावरून. मी हे आईला सांगितलं. तिला त्यात नवल वाटलं नाही. खरवडून काढतात त्याला दुसरं काय म्हणणार?

"दही हाडलंस?" तिने मला विचारलं. मी आतून दही आणलं. तोवर तिने उलथन्याने भांड्याच्या मधोमध एक रेघ ओढली होती. उजवी बाजू तिने स्वतःकडे घेतली, डावी पॉपॉंना दिली.

मला कोणी विचारलं नाही.